चिनी शिकायची तर मराठीतून

इचलकरंजीच्या शेडमध्ये आज चीनहून आलेले रॅपियर आणि एअरजेट माग चालतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखानदार यंत्रे आणि सुटे भाग यांसाठी चिनी विक्रेत्यांशी बोलतात. कोल्हापूर-सांगलीकडची मुले वैद्यकीच्या शिक्षणासाठी चीनला जात आली आहेत. २०२० मध्ये करोनाने दारे बंद केली, तेव्हा देशभरातल्या २३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नावे चिनी विद्यापीठांच्या पटावर होती आणि त्यांतले बहुतेक डॉक्टर व्हायला गेलेले होते. एवढा व्यवहार असताना भाषेचे काय? जर्मन, जपानी, रशियन या भाषांना शिवाजी विद्यापीठात जागा मिळाली. चिनी भाषा मात्र आपण दुभाष्यावर, समोरच्याच्या मोडक्या इंग्रजीवर आणि मोबाइलमधल्या भाषांतरावर सोपवून दिली आहे.

ही भाषा कोल्हापुरात शाळेपासून शिकवता येईल, आणि ती मराठीतून शिकवली तर इंग्रजीतून शिकवण्यापेक्षा लवकर येईल, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारा एक माणूस मात्र बाहेरून आणावा लागेल. तो म्हणजे भाषा-सहायक.

भाषा-सहायक म्हणजे शिक्षक नव्हे. ज्या देशाची भाषा, त्या देशातला विशी-पंचविशीतला तरुण किंवा तरुणी वर्षभरासाठी परक्या देशातल्या शाळेत येते. आठवड्याला साधारण १२ ते १६ तास काम असते. वर्गाची जबाबदारी, अभ्यासक्रम, परीक्षा, शिस्त हे सगळे स्थानिक शिक्षकाकडे राहते. सहायकाने चार-पाच मुलांचा गट घेऊन बोलायचे, खेळ घ्यायचे, उच्चार ऐकवायचे आणि ऐकायचे. युरोपात ही पद्धत १९०५ च्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या देवाणघेवाणीतून रुजली. जपानने १९८७ मध्ये जेट नावाची योजना काढली आणि पहिल्याच वर्षी चार देशांतले ८४८ तरुण आपल्या शाळांमध्ये आणले. चिनी भाषेच्या बाबतीत हे काम २००४ पासून मोठ्या प्रमाणावर झाले. त्या वर्षी चीनने परदेशात कन्फ्यूशियस संस्था स्थापायला सुरुवात केली, पहिली सोलमध्ये. त्यांच्याबरोबर पदवी नुकतीच हातात पडलेले हजारो तरुण ‘स्वयंसेवक शिक्षक’ म्हणून जगभरच्या शाळांत गेले.

कोल्हापूरकराला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. तालमीत डाव वस्ताद सांगतो, चूक वस्ताद दाखवतो, पण डाव अंगात भिनतो तो जोडीशी लढूनच. जोड नसेल तर डाव माहीत असतो आणि येत मात्र नाही.

चिनीला अशा माणसाची गरज इतर भाषांहून जास्त आहे, ती सुरांमुळे. मंदारिन म्हणजे चीनची प्रमाण बोली. तिच्यात चार सूर आहेत: उंच आणि सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि वरून झटक्यात उतरणारा. शिवाय एक हलका, स्वतःचा सूर नसलेला उच्चार. ‘माइ’ हे अक्षर खाली नेऊन वर आणले तर अर्थ होतो विकत घेणे, आणि वरून खाली आपटले तर विकणे. व्यापाऱ्याला यापेक्षा महागाची चूक दुसरी नसेल. चार आणि दहा या आकड्यांमध्येही फरक दोनच गोष्टींचा आहे, जिभेची जागा आणि सूर. दक्षिण चीनमधले अनेक लोक जिभेचा फरक करतच नाहीत. मग भाव ठरवताना फक्त सूर हाताशी उरतो.

मराठी माणसाचा कान सुरांना बहिरा नाही. आपण ‘हं’ एकाच अक्षरात होकार देतो, प्रश्न विचारतो, ‘आत्ता कळले’ म्हणतो आणि दमही भरतो. पण आपल्याकडे सूर वाक्याचा भाव सांगतो, शब्दाचा अर्थ ठरवत नाही. त्यामुळे एक ठरावीक चूक आपल्याकडून होते. प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर उचलतो. चिनीत तो उचललेला शेवटचा शब्द वेगळाच ऐकू येऊ शकतो. शिवाय सूर एकमेकांवर परिणाम करतात. खाली जाऊन वर येणारे दोन सूर शेजारी आले की पहिला बदलून चढता होतो. ‘नी हाव’ हा नमस्कार सगळ्यांना ठाऊक असतो, त्यातला ‘नी’ याच कारणाने चढता आहे. हा नियम पुस्तकात दोन ओळींत संपतो. तोंडात बसायला महिने लागतात.

ध्वनिफिती आहेत, मोबाइलवरचे अभ्यास आहेत, मग माणूस कशाला, असे कोणी विचारील. कान तयार करायला ध्वनिफीत पुरते. पण स्थानिक शिक्षकाचे एक दुबळेपण असते, ते दूर करायला माणूसच लागतो. आपला शिक्षक आपल्याच मातीतला असल्यामुळे मुलाने चुकीच्या सुरात म्हटलेले त्याला बरोबर कळते. वाक्य पुढे सरकते आणि चूक पक्की होते. चीनहून आलेल्या मुलीला ते कळत नाही. तिच्या चेहऱ्यावर कोरे आश्चर्य उमटते, मूल थांबते, पुन्हा म्हणून बघते, आणि तिसऱ्या खेपेला ती हसून मान डोलावते. सहायकाचे खरे काम हे न कळणे आहे. कोणताही धडा मुलाला एवढे नेमके सांगत नाही.

आता मराठीकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे.

चिनीची रोमन लिपीतली लेखनपद्धती १९५८ मध्ये अधिकृत झाली. जगभरची पाठ्यपुस्तके तीच वापरतात. इंग्रजीच्या सवयीने ती वाचली की उच्चार बिघडतो. या पद्धतीत जिथे रोमन ‘बी’ लिहितात तिथे चिनी माणूस ‘प’ म्हणतो, आणि जिथे ‘पी’ लिहितात तिथे दोन्ही ओठ मिटून सोडलेला जुना, खणखणीत ‘फ’. ‘डी’ आणि ‘टी’ ही जोडी त-थ या जातीची आहे, ‘जी’ आणि ‘के’ ही क-ख ची. घोष आणि अघोष हा भेद प्रमाण चिनीत या व्यंजनांना नाही. भेद आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा. इंग्रज मुलाला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो, कारण त्याच्या भाषेत त्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून नसतो. मराठी मूल ‘पार’ आणि ‘फार’, ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरक शाळेत येण्याआधीच करत असते. आपण वर्तमानपत्रात ‘बीजिंग’ छापतो. ते इंग्रजी वाचनातून आलेले आहे. तिथला माणूस म्हणतो ते देवनागरीत ‘पेइचिंग’ असे जवळजवळ अचूक लिहिता येते. एकच काळजी घ्यायची: आजकाल आपला ‘फ’ इंग्रजीसारखा दातांनी ओठ दाबून येऊ लागला आहे. चिनीत तोही ध्वनी आहे, पण तो वेगळा.

यापेक्षा मोठी शिदोरी ‘च’ मध्ये आहे. ‘चमचा’, ‘चाक’, ‘चूल’ यांतला ‘च’ आपण जीभ दातांमागे टेकवून म्हणतो. ‘चहा’, ‘चित्र’ यांतला आणि ‘चिंच’ मधला पहिला टाळूकडून. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि कुणी न सांगता प्रत्येक मराठी मूल ते अचूक निवडते. चिनीत हे दोन्ही ‘च’ स्वतंत्र व्यंजने म्हणून आहेत. हिंदी भाषकाला ही सोय नाही, इंग्रजाला तर नाहीच. तिसराही एक ‘च’ चिनीत आहे. तो जीभ ‘ट’ च्या जागी वळवून म्हणायचा. तो आपल्याकडे नाही, पण ट, ण, ळ म्हणणाऱ्याच्या जिभेला ती जागा माहीत आहे. खरोखर नवे असे थोडेच उरते: दंत्य ‘च’ चा महाप्राण जोडीदार, ओठ ‘उ’ सारखे गोल करून म्हटलेला ‘इ’, आणि शब्दाच्या शेवटी ‘न’ व ‘ङ’ यांतला भेद. जिथे हात अडतो तिथेच सहायकाचे तास खर्चावेत. इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने गेले तर ते तास प-फ शिकवण्यात वाया जातील.

हे काही ओढूनताणून जमवलेले नाते नाही. चिनी विद्वानांनी आपल्या भाषेतल्या व्यंजनांची पद्धतशीर मांडणी केली ती बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचाराच्या प्रभावाखाली. थांग राजवटीच्या अखेरच्या काळातल्या षौवन या भिक्षूच्या नावावर ३० आद्य व्यंजनांची यादी आहे. पुढे सोंग काळात ध्वनींची कोष्टके तयार झाली. त्यांत ओठांवरच्या ध्वनींचा क्रम लागतो तो प, फ, ब, म असा. आपल्या वर्णमालेतला पवर्गच तो, फक्त ‘भ’ नाही, कारण तो ध्वनी चिनीत नव्हता. हजार वर्षांपूर्वी चिनी उच्चार समजून घ्यायला आपली वर्णमाला उपयोगी पडली. तीच आज कोल्हापुरातल्या फळ्यावर लिहिली तर त्यात नवल कसले?

व्याकरणातही मराठी जवळची आहे, निदान काही ठिकाणी. ‘काल आलेला माणूस’ हे चिनीत याच क्रमाने म्हणतात: काल, आलेला, माणूस. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि आलेला मागाहून. ‘मी उद्या मुंबईत काम करणार’ या वाक्यातही कोण, केव्हा, कुठे आणि शेवटी क्रिया, असाच क्रम चिनीत राहतो. इंग्रजीतून शिकणारे मराठी मूल आधी आपले वाक्य उलटे करते आणि मग चिनीसाठी ते पुन्हा सुलटे करते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदही उत्तरेकडच्या चिनी बोलीत आहे: ‘वोमन’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळणारे किंवा मोघम, आणि ‘चान्मन’ म्हणजे तुम्हा-आम्हा सगळ्यांना घेणारे. इंग्रज शिक्षकाला यावर अर्धा तास बोलावे लागेल. आपल्या वर्गात एक वाक्य पुरे. मोजताना चिनी माणूस संख्येनंतर वस्तूच्या जातीप्रमाणे एक शब्द घालतो. आपल्याकडे ‘चार जण’ आणि ‘दहा नग’ आहेतच, त्यांच्याकडे असे शब्द पुष्कळ आहेत, एवढाच फरक. क्रियापदाला पुरुष, वचन, लिंग नाही. तिथे तर मराठी मुलाने सुटकेचा निःश्वास टाकावा. वस्तू मात्र क्रियेनंतर येते, ‘चहा पितो’ ऐवजी ‘पितो चहा’, एवढे लक्षात ठेवावे लागते. आणि लिपीला जवळचा रस्ता कुठलाच नाही. चीनच्या २०१३ च्या अधिकृत यादीत पहिल्या पायरीचीच ३,५०० अक्षरे आहेत. ती लिहून, गिरवून, रोज थोडी थोडी करूनच येतात.

आता या पद्धतीचे दोष. जपानच्या योजनेवर पहिल्यापासून एक टीका होत आली: बाहेरून आलेल्या तरुणाला वर्गात उभे करतात, धडा वाचून घेतात आणि बसवतात. चालता-बोलता टेपरेकॉर्डर. स्थानिक शिक्षकाला त्याच्याशी काय काम करायचे हे ठाऊक नसते, कधी त्याच्यापुढे आपले उच्चार उघडे पडतील याची भीती असते. दुसरा दोष मुदतीचा. वर्ष-दोन वर्षांत सहायक परततो, आणि मुलांची जीभ वळू लागलेली असते तेव्हाच नवा येतो, किंवा येतच नाही. चिनी स्वयंसेवकांच्या बाबतीत तिसराही दोष दिसला. शांत बसणाऱ्या मोठ्या वर्गांत शिकलेले हे तरुण परदेशातल्या बोलक्या, उठबस करणाऱ्या मुलांसमोर गांगरतात. ज्या ठिकाणी पूर्णवेळ स्थानिक शिक्षक नव्हता आणि सगळा भार सहायकावर टाकला, तिथे काम टिकले नाही. इंग्लंडने २०१६ मध्ये मंदारिनचा विशेष कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आठवड्याला आठ तास चिनीचा अभ्यास धरला आणि शाळांत शिक्षक घडवण्यावर भर दिला. मला तो मार्ग योग्य वाटतो.

राजकारणाचा दोष वेगळा आणि जड. कन्फ्यूशियस संस्थांचा खर्च आणि माणसे चीन सरकारकडून येत, त्यामुळे वर्गात काय बोलायचे आणि काय नाही हा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ मध्ये आपल्या १३ सरकारी शाळांतले असे वर्ग बंद करायचे ठरवले. अमेरिकेतल्या शंभराच्या आसपासच्या संस्थांपैकी बहुतेक मिटल्या. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात २०१३ मध्ये थियानचिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने अशी संस्था सुरू झाली होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही त्याच सुमारास चिनी शिकवण्याचा मनोदय जाहीर करून चीनशी करार केला होता. जून २०२० मध्ये गलवानचा संघर्ष झाला, शिक्षण मंत्रालयाने या सगळ्या करारांचा आढावा घ्यायचे ठरवले, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परकीय भाषांच्या उदाहरणांमधून चिनीचे नाव गळले. मसुद्यात ते होते. सीमेवर जवान गेले त्या दिवसांत हे होणे समजण्यासारखे आहे. पण शेजाऱ्याशी वितुष्ट आले म्हणून त्याची भाषा सोडणे हे शहाणपणाचे धोरण मला वाटत नाही. वितुष्ट असलेल्या शेजाऱ्याची भाषा तर अधिकच नीट यायला हवी.

मराठी माणसांनी हे पूर्वी ओळखले होते. पुण्याचे पाली पंडित पु. वि. बापट यांनी चिनी आत्मसात केली आणि मूळ भारतीय भाषांत हरवलेले बौद्ध ग्रंथ चिनी अनुवादांतून धुंडाळले. वसंत परांजपे १९४७ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले, आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषी म्हणून बसले. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कथा आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६ च्या चित्रपटातून घराघरांत नेली. कोटणीसांनी चीनमध्ये केलेल्या रुग्णसेवेबद्दल सगळे बोलतात, भाषेबद्दल फारसे कुणी बोलत नाही. १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती. तीन-चार वर्षांत ते बेथ्यून वैद्यकीय शाळेत शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. रात्रंदिवस चिनी माणसांत राहिल्यामुळे त्यांना भाषा आली. शाळेतल्या मुलाला ते वातावरण मिळत नाही, म्हणून तर सहायक आणायचा.

मॉरिशसमध्ये एक सुंदर व्यवस्था आहे. तिथल्या प्राथमिक शाळांत मुले आपल्या घरच्या परंपरेप्रमाणे हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी किंवा चिनी निवडतात. रत्नागिरीकडून पिढ्यांपूर्वी गेलेल्यांची पणतवंडे मराठीच्या तासाला, आणि चिनी दुकानदारांची पणतवंडे मंदारिनच्या तासाला. मराठीचे शिक्षक तिथे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत तयार होतात. बाहेरून येणारा पाहुणा मदतीला असतो, मूळ भार स्थानिक माणूस उचलतो. पुण्यात जपानी भाषा फोफावली तीही मराठी शिक्षकांच्या बळावर, जपानी पाहुण्यांच्या साथीने.

कोल्हापुरात हे कसे जमेल? सहायकाचा व्हिसा ही वाटते तेवढी भिंत नाही. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाला वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार असावा अशी अट ठेवली गेली, पण इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणाऱ्यांना त्यातून सूट दिली गेली. नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. चीनमधून माणूस आणणे आज अवघड वाटत असले, तरी २०२५ मध्ये चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागले आणि ऑक्टोबरमध्ये थेट विमानेही सुरू झाली. तोवर तैवानचे दार उघडे आहे. तैवानने २०११ पासून भारतीय विद्यापीठांत भाषा-केंद्रे चालवली आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत आपले कार्यालय थाटले. तिथली लिपी जुन्या, गुंतागुंतीच्या वळणाची असते आणि ‘ट’ च्या जागचे मूर्धन्य उच्चार सौम्य, एवढे शिक्षकाने मुलांना सांगून ठेवावे.

सहायकाआधी हवा तो स्थानिक शिक्षक, आणि तो आपल्या गावात आहे. चीनमधून वैद्यकी शिकून परतलेल्या मुला-मुलींनी तिथे पाच-सहा वर्षे काढली. रुग्णांशी बोलता यावे म्हणून त्यांना चिनीच्या पातळी-परीक्षा द्याव्या लागल्या. त्यांतल्या दोघाचौघांना जरी शिकवण्याची आवड असली, तरी शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाने त्यांना अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे. गोशिमा, स्मॅक आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनांनी एका सहायकाचा वर्षाचा खर्च वाटून घ्यावा. मराठीतून चिनी शिकवणारे एक लहान पुस्तक तयार व्हावे, ज्याचा पहिला धडा ‘चमचा’ आणि ‘चिंच’ यांच्यापासून सुरू होईल. तुमच्या ओळखीत चीनमधून शिकून आलेले कोणी असेल, तर त्यांना जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची भेट घालून द्या. येत्या जूनला आठवड्यातून दोन तास मिळाले तरी सुरुवात करता येईल.